धूर, पिंप आणि पुरावा

पावसाळ्यात टिटवाळ्यात डेंग्यूचा रुग्ण सापडला की लोकांची पहिली मागणी असते ती धूर फवारणीची. धूर दिसतो, नाकाला झोंबतो, कुणीतरी येऊन गेलं याचा दिलासा देतो. मात्र धुराने मरतो तो फक्त उडणारा डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पडद्यामागे, पलंगाखाली दडलेली असते आणि तिच्या अळ्या मोरीतल्या पिंपात वळवळत असतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून, घासून, कोरडं ठेवायचं ते म्हणूनच. नुसत्या धुराने डेंग्यूचा फैलाव थांबतो, असा भक्कम पुरावा आजवरच्या अभ्यासांतून पुढे आलेला नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. पण त्यांचं प्रशिक्षण यंत्र कसं चालवायचं, तक्ता कसा भरायचा इथेच संपतं. दोन उपायांतला कोणता निवडावा आणि का, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

हा प्रश्न विचारण्याची शिस्त तशी अलीकडची. उपचार खरंच गुण देतो का ते आधी तपासा, असा आग्रह ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी 1972 साली पुस्तकातून मांडला. 1990च्या दशकात कॅनडातून पुराव्यावर आधारित वैद्यकाचा विचार पसरला, पण त्याच्या नजरेसमोर होता शोधनिबंध वाचणारा डॉक्टर. त्याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने पुरावा गावातल्या माणसांच्या हाती दिला. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो ते मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळात तो साठ किंवा जास्त भरला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. आकडे न येणाऱ्या दाईसाठी वाळूचं घड्याळ आणि दर दहा श्वासांना सरकवायचे मणी होते. पुढे 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली, 47 गावांशी तुलना झाली, आणि नवजात मृत्यूंत 62 टक्के घट झाल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 1999 साली छापलं. देशभरच्या आशा सेविकांचं हे अधिकृत काम झालं ते 2011 साली. मधली बारा वर्षं मला फार बोचतात.

गडचिरोलीचं टिटवाळ्याला कसं लागू पडेल, हा आक्षेप रास्त आहे. तिथे तेव्हा बाळंतपणं घरी होत, इथे ती बहुतेक दवाखान्यात होतात. पण नेमका हाच फरक तोलायला शिकणं म्हणजे पुरावा वापरणं. दवाखान्यातून बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतं, म्हणून आशा सेविकेच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरल्या. कामाचं ओझं आधीच फार आहे, हा दुसरा आक्षेप याहून गंभीर. पुरावा वापरायला शिकवणारं नवं प्रशिक्षण म्हणजे आणखी एक रजिस्टर असेल तर मीही त्याच्या विरोधात आहे. एक भरायला शिकवायचं तर कुणीही वाचत नाही अशी दोन बंद करावीत. आणि आदेश वरूनच येतात, हे खरं असलं तरी वर जाणाऱ्या अहवालात काय लिहायचं ते खालीच ठरतं. आज त्यात किती गल्ल्यांत धूर मारला ते जातं. त्याऐवजी शंभर घरं तपासली तर किती घरांत अळ्या सापडल्या, आणि पंधरा दिवसांनी त्याच घरांत किती उरल्या, हे जाऊ शकतं. एका वस्तीत फवारणी आणि दुसऱ्या वस्तीत पिंपं घासून घेण्याची मोहीम, असे दोन आकडे शेजारी मांडले तर पुढच्या पावसाळ्यात पैसा यंत्रावर घालायचा की माणसांवर, हे टिटवाळ्याच्या आरोग्य केंद्रातली परिचारिकाही अधिकाऱ्यापुढे कागद ठेवून सांगू शकेल.