दुरुस्तीच्या हातातला शोध

यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना शोधाचे श्रेय बहुधा प्रयोगशाळेला, विद्यापीठाला किंवा मोठ्या कारखान्याच्या संशोधन विभागाला दिले जाते, आणि बिघडलेले यंत्र उघडून त्याचे दुखणे हुडकणारा मिस्त्री त्या इतिहासात फारसा दिसत नाही. दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक वाटचालीकडे पाहिले तर हा क्रम उलटा लावावा लागतो, कारण येथे आधी दुरुस्ती आली, दुरुस्तीतून सुटा भाग घडवण्याची गरज आली आणि त्या गरजेतून कारखाने उभे राहिले. हातकणंगले तालुका हे या वाटचालीचे उत्तम उदाहरण आहे. शिरोलीची औद्योगिक वसाहत, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत यांच्या मुळाशी एकच विचार दिसतो : यंत्र ज्याने उघडले, त्याला ते बदलण्याचाही अधिकार आहे.

हा विचार एकदम जन्मला नाही. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावेनात आणि पहिला नांगर विकला जाण्यास फार वाट पाहावी लागली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगरांचे ओतकाम चालू राहिले. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि मागांची संख्या वाढत गेली तसा माग जुळवणारा, बिघाड काढणारा जॉबर हा त्या गावाच्या अर्थकारणाचा कणा झाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्रे उघडून, त्यांची रचना समजून घेऊन 1918 पर्यंत स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला आणि त्यावर चित्रपट काढले. या सर्वांत समान गोष्ट अशी की, मूळ यंत्र परक्याचे असले तरी ते उघडल्यावर त्याचे गूढ उरत नाही, हा विश्वास त्यांच्या ठायी पक्का होता.

याला कोणी नक्कल म्हणेल. परंतु नक्कल हा शब्द वापरण्यापूर्वी ओतकामाची रीत समजून घेतली पाहिजे. ऊसपट्ट्यात विहिरीवरचे पाणी उपसण्यासाठी आणि गुऱ्हाळावरचा चरक फिरवण्यासाठी ऑईल इंजिने आली, आणि त्यांचा एखादा भाग तडकला की परदेशातून नवा येईपर्यंत हंगाम संपून जाई, म्हणून तो भाग येथेच ओतणे भाग पडे. आता, तडकलेला भागच वाळूत दाबून त्याचा साचा घेतला तर नवा भाग लहान निघतो, कारण वितळलेले बिडाचे लोखंड थंड होताना लांबीत शंभरास सुमारे एक या प्रमाणात आकसते. म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा घेण्यासाठीचा लाकडी नमुना, मूळ भागाहून किंचित मोठा करावा लागतो. पुढे लेथवर तासायच्या जागी आणखी जाडी सोडावी लागते. आतल्या पोकळीसाठी कोअर, म्हणजे वाळूचा वेगळा गाभा, बसवावा लागतो. आणि भिंत कोठे जाड, कोठे पातळ आहे हे पाहून धातू कोणत्या बाजूने ओतायचा हे ठरवावे लागते. हे सारे ज्याला साधते त्याने मूळ रचनाकाराचा विचार पुन्हा एकदा स्वतः केलेला असतो, आणि त्या वाटेवर त्याला मूळ रचनेतील उणीवही दिसू लागते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाच्या दुरुस्तीपासून संपूर्ण इंजिनापर्यंतचा जो प्रवास झाला, तो या उणिवा दिसू लागल्यामुळे झाला, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

हीच वृत्ती सर्वस्वी वेगळ्या परिस्थितीत कोठवर जाऊ शकते, हे अमेरिकेतील मोटारशर्यतींचा मिस्त्री हेन्री ‘स्मोकी’ युनिक (1923–2001) याच्या कामावरून कळते. शाळा अर्धवट सोडलेला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवलेला हा माणूस 1947 मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथे गॅरेज काढून बसला आणि पुढील चाळीस वर्षे त्याने ते चालवले. त्याच्यापुढे सुट्या भागांची टंचाई नव्हती. अडचण नियमांची होती. शर्यतीची नियमावली काय करू नये ते सांगते, आणि जे तिने सांगितलेले नाही ते करण्यास मोकळीक आहे, अशी त्याची धारणा होती. इंधनटाकी किती मोठी असावी याला मर्यादा होती, पण टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीविषयी नियम मूक होते. म्हणून त्याने सुमारे 2 इंच व्यासाची, 11 फूट लांबीची नळी बसवली. या नळीत मावणाऱ्या पेट्रोलचा आकडा कथाकथनात पुष्कळ फुगला आहे. साधे घनफळ काढले तर ते सुमारे 7 लिटर भरते. तेवढ्याच लांबीच्या अर्ध्या इंची नळीत अर्धा लिटरही मावत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही युक्ती फुगवलेल्या आकड्यावाचूनही किती मोलाची होती ते समजते.

तथापि युनिकला केवळ पळवाटा शोधणारा ठरवणे अन्यायाचे होईल. 1962 मध्ये त्याने इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी एका मोटारीवर उलटा पंख बसवला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, तर हा पंख मोटारीला खाली दाबत असल्याने वळणावर चाकांची पकड वाढली, परंतु हवेचा रोधही वाढल्याने एकूण फेरीला वेळ जास्त लागू लागला. आयोजकांनी पंखांवर बंदी घातली. फॉर्म्युला वन शर्यतींत पंख रूढ झाले ते 1968 मध्ये. त्याच्या उष्ण-बाष्प इंजिनाची कल्पना तर याहून मूलगामी होती. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. ती वाया जाणारी उष्णता वळवून इंधन आणि हवा यांचे मिश्रण आधीच तापवावे, म्हणजे पेट्रोलच्या थेंबांची पूर्ण वाफ होऊन ते नीट जळेल, असा त्याचा सिद्धान्त होता. मिश्रण जितके थंड तितके ते सिलिंडरमध्ये अधिक मावते, ही अभियंत्यांची रुजलेली शिकवण याच्या नेमकी विरुद्ध होती. 1980 च्या दशकात त्याने असे इंजिन मोटारीत चालवून दाखवले, पण कोणत्याही कंपनीने ते बाजारात आणले नाही.

त्याच्या विचारातला सर्वांत मोलाचा टप्पा मात्र वेगाशी संबंधित नव्हता. त्याच्या मोटारीवर 1962 ची डेटोना 500 शर्यत जिंकलेला फायरबॉल रॉबर्ट्स 1964 मध्ये शार्लट येथील अपघातात भाजला आणि काही आठवड्यांनी मरण पावला. काँक्रीटच्या भिंतीऐवजी लाकडी फळ्यांमध्ये जुने टायर भरून धक्का शोषणारी भिंत उभारावी, ही युनिकची सूचना आयोजकांनी मनावर घेतली नाही. धक्का शोषणाऱ्या पोलादी व फोमच्या भिंती इंडियानापोलिसला बसल्या त्या 2002 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने. मिस्त्रीची सूचना म्हणून एखादी गोष्ट बाजूला ठेवली जाते तेव्हा तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते.

भारतात या वृत्तीला शर्यतीचे मैदान मिळाले ते कोइमतूरमध्ये. विहिरींचे पंप, मोटारी आणि ओतशाळा यांवर वाढलेल्या त्या शहरात एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मारुती 800 चे तीन सिलिंडरांचे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही एकआसनी मोटार घडवली, आणि त्याच शहरातील नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. शेतीचे पाणी, पंप आणि ओतकाम ही सामग्री कोल्हापूर परिसरातही तितकीच होती; येथील ओतशाळांमधून वाहन उद्योगाला इंजिनाचे भाग जातात आणि कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धाही झाल्या आहेत. परंतु येथील ओतशाळा आलेल्या आराखड्याप्रमाणे भाग पुरवण्यात गुंतली आणि संपूर्ण यंत्र घडवण्याची जुनी ईर्षा मागे पडली. कंत्राटी पुरवठ्याने स्थैर्य दिले हे नाकारता येणार नाही. पण आराखडा दुसऱ्याचा असला की उणीव दिसूनही ती बदलण्याचा अधिकार मिस्त्रीकडे राहत नाही.

युनिक आणि कोल्हापूरचे मिस्त्री यांच्यातील मोठा भेद बुद्धीचा नसून नोंदीचा आहे. युनिकने पेटंटे घेतली, ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात वाचकांच्या शंकांना वर्षानुवर्षे उत्तरे दिली आणि मृत्यूपूर्वी आत्मचरित्र लिहून ठेवले. म्हणून त्याच्या फसलेल्या प्रयोगांचाही आज अभ्यास होतो. येथील मिस्त्रीने चरकाच्या दातात, इंजिनाच्या डोक्यात किंवा मागाच्या धोट्याच्या पेटीत केलेला बदल शेजारच्या शेडपर्यंत पोहोचला आणि तेथेच सर्वांचा झाला. ही उदारता थोर आहे, पण तिच्यामुळे कर्त्याचे नाव पुसले गेले. शिरोली, इचलकरंजी आणि उद्यमनगरातील जुने पॅटर्नमेकर, मोल्डर आणि जॉबर अजून हयात आहेत, आणि त्यांचे लाकडी पॅटर्न शेडच्या माळ्यावर पडून आहेत. शिवाजी विद्यापीठाने, अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी ते पॅटर्न भट्टीत किंवा भंगारात जाण्यापूर्वी मोजून, चित्रित करून घ्यावेत आणि या कारागिरांच्या मुलाखती त्यांच्याच बोलीत नोंदवून ठेवाव्यात.