तप आणि विपत्ती

संकटे माणसाला घडवितात, हे वचन आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याची परीक्षा करावी असे कोणास सुचतच नाही. आडगावची एखादी मुलगी क्रीडांगणावर चमकली की वृत्तपत्रे तिच्या अनवाणी पायांचे वर्णन करतात, आणि ते वाचून आपण घरातील मुलांस सांगतो, 'पाहा, गरिबीनेच तिला कणखर केले!' या समजुतीत सत्य किती आणि आपली सोय किती, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

कविता राऊत हे नाव वाचकांस परिचित असेलच. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखाला लागून, नाशिक जिल्ह्याच्या बाजूस, हरसूलजवळ सावरपाडा आहे. तेथल्या या आदिवासी कन्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरासाठी रौप्यपदक आणले. २०१२ साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. लहानपणी लांबून पाणी आणावे लागे, म्हणूनच त्यांच्या पायांत बळ आले, असे लोक कौतुकाने म्हणतात.

हे अनुमान तर्काच्या कसोटीस लावून पाहू. पाणी वाहून विजेत्या घडत असत्या, तर जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांतून पदकांची रास पडली असती. येथे साधारण वर्षी शंभर इंचांच्या घरात पाऊस पडतो, तो उतारावरून वाहून जातो, आणि चैत्र-वैशाखात बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. मुंबईची तहान भागविण्यासाठी बांधलेले, २०१४ साली लोकार्पण झालेले मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. त्यांतले कोण धावणारे होते आणि कोण गाणारे, हे आता कोण सांगणार? विपत्तीच्या शाळेतून उत्तीर्ण झालेली एक विद्यार्थिनी आपण मोजतो. त्या शाळेने गिळलेल्यांची पटावर नोंदच नसते. शिवाय राऊत यांना नाशिकात विजेंद्र सिंग यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. पाण्याच्या हंड्याने ते काम केले नसते.

या मुलखाच्या शेजारातून धावपटू निघाली, सायकलपटू निघाली नाही, हेही विचार करण्याजोगे आहे. धावण्यास आरंभी अनवाणी पाय पुरतात; सायकलच्या शर्यतीस महागडे यंत्र, चांगला रस्ता आणि जिवाभावाचा संघ लागतो. हा खेळ ज्या देशात रुजला आहे, त्या नेदरलँड्सच्या मारियान फॉस यांचे चरित्र पाहा. १९ व्या वर्षी, २००६ साली, त्या रस्त्यावरील शर्यतीत जगज्जेत्या झाल्या. पुढे २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे त्याच शर्यतीत त्यांच्या वाट्याला दुसरा क्रमांक आला. तरीही त्या खचल्या नाहीत; २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आणि जागतिक स्पर्धेतही त्यांनी सुवर्णपदक जिंकले, आणि २०१३ साली जगज्जेतेपद राखले. पाच वेळा विजयाच्या उंबरठ्यावरून परतून सहाव्यांदा उभे राहणे, हे तप नव्हे तर काय? पण हे तप घडले ते सायकलींसाठी निराळे मार्ग असलेल्या देशात, पोटभर जेवलेल्या देहाने, आणि वाऱ्याचा मारा स्वतः सोसून त्यांना आडोसा देणाऱ्या सहकारिणींच्या साह्याने. सुखसोयींनी त्यांचा निर्धार बोथट केला नाही. उलट, अव्वल दर्जाच्या स्त्री-संघांतही किमान वेतनाचा नियम २०२० पर्यंत नव्हता. म्हणून आधीच्या सायकलपटू अधिक वेगाने धावल्या, असे कोणी म्हणत नाही.

यावर कोणी कुंतीचा दाखला देईल. तिने श्रीकृष्णापाशी विपत्तीच मागितली, हे खरे. परंतु ती स्वतःसाठी मागितली, शेजारणीच्या लेकरांसाठी नव्हे. तप आणि विपत्ती यांतील भेद नेमका येथेच आहे. तप मनुष्य स्वेच्छेने पत्करतो आणि इच्छेस येईल तेव्हा सोडू शकतो; विपत्ती त्याच्यावर लादली जाते, आणि तिला दार नसते. लादलेल्या दुःखातूनही कोणी वर आले, तर तो त्या व्यक्तीचा पराक्रम होय. त्याचे श्रेय दुःखास देणे म्हणजे त्या व्यक्तीचे श्रेय हिरावून घेणे होय.

या श्रेय-चोरीत आपला स्वार्थही दडलेला असतो. गरिबी जर गुणांची शाळा ठरली, तर ती बंद करण्याची घाई कोणास वाटावी? मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींस शाळेत जाण्यासाठी सायकली देतात. ती सायकल घेऊन घाट चढणाऱ्या मुलींपैकी एखादी उद्या शर्यतीत उतरेल, किंवा एकही उतरणार नाही. घरात नळ आणि ताटात पुरेसे अन्न असण्याचा त्यांचा हक्क मात्र पदकावर अवलंबून नाही. कष्ट कोणते करावेत, हे त्यांना स्वतः निवडता यावे. तेथून पुढचे तप त्यांचे त्या पाहून घेतील.