मूळ कुणाच्या हाती?

टिकतो तो श्रेष्ठ असतो, की टिकला म्हणून आपण त्याला श्रेष्ठ म्हणतो? हा वाद कीर्तनात शोभावा असा आहे, पण माझ्याकडे तो प्रोसेसरवरून पेटतो. जुना जालन्यात गांधी चमनजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी इंजिनिअरिंगची पोरं तिथं अड्डा टाकतात आणि माझा भाचा त्यांचा म्होरक्या. "मामा, एक्स-८६ चे दिवस भरले आता. ॲपलनं २०२० ला इंटेल सोडून आर्म धरलं, तिथंच निकाल लागला." दुसऱ्याला हे मान्य नसतं. आर्मचंही भाडं भरावंच लागतं, उद्याचं राज्य रिस्क-फाइव्हचं, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्याच्या वडिलांनी नुकताच हप्त्यावर इंटेलचा लॅपटॉप घेऊन दिलाय, त्यामुळं तो जुन्या घराण्याची बाजू जिवावर उदार होऊन लढवतो.

भांडण कशाचं, ते आधी सांगतो. प्रत्येक प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात: हा आकडा उचल, त्यात तो मिळव, उत्तर तिथं ठेव. या आज्ञांची यादी घराण्यागणिक वेगळी, आणि एक्स-८६, आर्म, रिस्क-फाइव्ह ही अशी घराणी. एका घराण्यासाठी तयार झालेला प्रोग्रॅम दुसऱ्यापुढं ठेवला तर त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. म्हणून कोणतं घराणं टिकणार, या प्रश्नावर अब्जावधींचे कारखाने उभे राहतात आणि बुडतात.

आता टिकणाऱ्याची गुणवत्ता बघा. एक्स-८६ चा मूळ पुरुष म्हणजे १९७८ चा ८०८६. इंटेलची खरी भिस्त त्याच्यावर नव्हतीच. ती होती ४३२ नावाच्या मोठ्या, महत्त्वाकांक्षी प्रोसेसरवर. तो लांबत चालला, म्हणून मधली वेळ निभावायला ८०८६ घाईत केला. १९८१ मध्ये ४३२ बाजारात आला तो संथ निघाला आणि बुडाला. त्याच साली आयबीएमने आपल्या पीसीत ८०८६ चा धाकटा भाऊ ८०८८ बसवला आणि तात्पुरत्याचं राज्य सुरू झालं. १९९२ मध्ये डेक कंपनीचा अल्फा आला. वेगात तो सगळ्यांच्या पुढं होता, आज त्याचं नावही पोरांना माहीत नाही. २००१ मध्ये खुद्द इंटेलने एचपीला सोबत घेऊन इटॅनियम आणला. जुनं ओझं टाकून नव्यानं संसार मांडायचा बेत होता. पण २००३ मध्ये एएमडीने तीच जुनी यादी चौसष्ट बिटांपर्यंत वाढवून दिली आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. २०२१ मध्ये इटॅनियमची शेवटची पाठवणी झाली. जन्मदात्यालाही आपलं कुळ बुडवता आलं नाही. आजही माझ्या टेबलावर कोऱ्या बोर्डाला वीज दिली की त्यावरचा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर पहिल्या क्षणी जागा होतो तो ८०८६ च्या सोळा बिटांतच.

तेव्हा जिंकला तो श्रेष्ठ, हे काही खरं नाही. समाजातही आपण हीच गफलत करतो. जे चालत आलं त्याला आधी योग्य ठरवतो आणि मग योग्यतेची कारणं शोधतो.

मग टिकलं ते नेमकं काय? इथं मला पुण्याचं उदाहरण आठवतं. हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला, त्यानंतर १९८८ मध्ये सीडॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. अनेक प्रोसेसर शेजारी शेजारी कामाला लावायचे, तर भविष्य ट्रान्सप्युटरचंच, असं तेव्हा जाणकार बोलत. काही वर्षांत ट्रान्सप्युटर संपला. परम संपला नाही. १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे स्पार्क प्रोसेसर आले, पुढं परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर, २००८ च्या परम युवामध्ये इंटेल, २०२० च्या परम सिद्धीमध्ये एएमडी आणि जोडीला एनव्हिडिया. नाव एकच, देह पाच तरी.

हे मी घरी सांगत होतो तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चष्मा काढला. आनंदीस्वामींच्या मंदिरातलं प्रवचन ते चुकवत नाहीत. म्हणाले, "सोपं आहे की. जुना देह टाकला, नवा घेतला. आत्मा तोच." मला तेव्हा ते पटलं. पुढं एका वजनकाट्यानं ते अवघड करून ठेवलं.

औद्योगिक वसाहतीत सळईचे कारखाने आहेत, तिथं भंगाराचे ट्रक काट्यावर चढतात. अशाच एका काट्याचं मशीन माझ्याकडं आलं. पेंटियमचा बोर्ड, कपॅसिटर फुगलेले, आत सळईच्या धुळीचा काळा थर. प्रोग्रॅम टर्बो सी मध्ये केलेला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. तारखेच्या चौकटीत सालाला दोनच आकडे. नव्या चौसष्ट बिटांच्या विंडोजने तो सोळा बिटांचा प्रोग्रॅम उघडायलाच नकार दिला. लिहिणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला. मूळ सोर्स कोडची फाइल कारखान्यात कुणाकडंच नाही. हातात फक्त तयार ईएक्सई, म्हणजे ८०८६ लाच कळणाऱ्या आज्ञांची गिचमिड.

चाचणी म्हणून मी रास्पबेरी पायवर डॉसबॉक्स चढवला. रास्पबेरी पाय हे तळहाताएवढं कार्ड आहे आणि त्यातला प्रोसेसर आर्म घराण्यातला. डॉसबॉक्स हा जुन्या पीसीचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, त्यात प्रोसेसरचंही सोंग आलंच. यूएसबीला कन्व्हर्टर लावून काट्याची सिरियल वायर जोडली. ट्रक चढला तसा पडद्यावर आकडा नाचायला लागला. ड्रायव्हर उडी मारून उतरला तेव्हा आकडा खाली आला आणि थांबला. आपण परक्या घराण्याच्या प्रोसेसरवर चालतोय याचा प्रोग्रॅमला पत्ता नव्हता.

काटा सांभाळणारा माझा मित्र बौद्ध आहे आणि वाचणारा आहे. आबांचं म्हणणं मी त्याला ऐकवलं. तो हसला. "आत्मा कशाला पाहिजे मध्ये? आमच्यात आत्मा मानत नाहीत, तरी कर्म पुढं जातंच की. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं दोन आकडी साल लिहून ठेवलं, ते अजून आपल्या मानगुटीवर आहे."

त्याचं बोलणं माझ्या अनुभवाच्या जास्त जवळ बसतं. आत्म्याला कुणी सांभाळावं लागत नाही, असं आपण ऐकत आलो. प्रोग्रॅमला सांभाळावं लागतं. कुणी डॉसबॉक्स लिहिला नसता, तर तो ईएक्सई तिथंच संपला असता. पुढं जातं ते अमर म्हणून नाही, त्याच्यावर कुणाची तरी पोटं अवलंबून आहेत म्हणून.

आबांच्याच भाषेत मांडायचं तर लिहून झालेल्या प्रोग्रॅमचा ढीग हे जगाचं संचित. त्यातलं जे आज माझ्या टेबलावर फळाला आलं ते प्रारब्ध. एक्स-८६ चं राज्य टिकलं ते या संचिताच्या जोरावर. पण काट्यानं मला प्रारब्धाच्या आतली एक गोष्ट दाखवली. तो प्रोग्रॅम ८०८६ ला बांधला गेला तो जुना आहे म्हणून नव्हे. मूळ हरवलंय म्हणून. सोर्स कोड असता तर थोडी डागडुजी करून तो कोणत्याही घराण्यासाठी पुन्हा बांधता आला असता. डेबियन लिनक्सचं बघा. त्याचं मूळ सगळ्यांपुढं उघडं आहे, म्हणून तो इंटेलवर चालतो, आर्मवर चालतो, आणि २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून रिस्क-फाइव्हवरही अधिकृतपणे चालतो. त्याला कुणाच्या सोंगाची गरज पडत नाही. ज्याला आपण नशीब म्हणतो त्यातला मोठा भाग असा हरवलेल्या मुळाचा असतो, असं मला वाटू लागलंय.

आता रिस्क-फाइव्हची बाजू घेणाऱ्या पोराकडं येतो. जालन्याच्या माणसाला त्याचं म्हणणं लवकर कळतं, कारण १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली तेव्हापासून हा गाव बियाण्यांचा आहे. संकरित वाणाचं बी दर हंगामाला विकत आणायचं, तसं आर्मचं. यादी वापरायची तर परवाना आणि चिपमागं रॉयल्टी. एक्स-८६ तर दोन-तीन घरांपलीकडं कुणाला पेरताच येत नाही. रिस्क-फाइव्ह हे सरळ वाण. २०१० मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालं, यादी कुणीही वापरावी, पैसे नाहीत. आपल्याकडं आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा त्याच वाणाचे. पण घरचं बी मिळालं म्हणून पीक फुकट येत नाही. चांगला प्रोसेसर आखायला वर्षं लागतात, आणि तो छापणारे सर्वांत पुढारलेले कारखाने आज मुख्यतः तैवानमध्ये आहेत. शिवाय संकरितानं उतारा वाढवला, हेही जालन्यात नाकारून चालणार नाही. उघडं आहे म्हणून रिस्क-फाइव्ह जिंकेलच, हे म्हणणंही त्याच जुन्या गफलतीचं दुसरं टोक: चांगलं आहे म्हणून टिकणारच.

तरी उघड्या यादीचं मोल मी जिंकण्यावरून करत नाही. तिथं क्रियमाणाला, म्हणजे आज हातून होणाऱ्या कर्माला, जागा आहे. प्रयत्नाला देवाच्या पदावर बसवणारे समर्थ आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला असावा. कोण राज्य करणार हे माझ्या हातात नाही. माझं काम कुणाच्या राज्यात अडकून पडेल, हे बऱ्याच अंशी आहे.

भाच्याला मी इतकंच सांगतो की, पैज कुणावरही लाव, पण तू लिहिलेल्याचं मूळ तुझ्यानंतर येणाऱ्याला सापडेल असं ठेव. तो म्हणतो, "मामा, हे काय उत्तर झालं? जिंकणार कोण ते सांगा." मी सांगत नाही. मात्र आता कुणी दुकानदार बिलिंगचा प्रोग्रॅम करून घ्यायला निघाला आणि सल्ला विचारायला आला की मी प्रोसेसरचं नावही काढत नाही. करारात एक ओळ आधी घालायला लावतो: पैसे चुकते झाल्यावर सोर्स कोड मालकाच्या ताब्यात. ती ओळ लिहायला कुरकुर करणाऱ्याकडून काम करून घेऊ नका, हेही सांगतो.