मुलांना कोणते इंग्रजी बायबल घ्यावे?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ घरी आता दोन बायबले आहेत. आजी मराठी वाचते, कॉन्व्हेंटमध्ये शिकणारा नातू इंग्रजी. पालक विचारतात, "फादर, इंग्रजी कोणतं घ्यावं?" दुकानात अनेक प्रकार असतात आणि बहुधा जे स्वस्त तेच घरी येते.

घेण्याआधी पुस्तके मोजा. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके असतात, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. तोबित, यहुदीत, ज्ञानग्रंथ, बेनसिराक, बारूख आणि मक्काबींची दोन ही ती सात. शिवाय एस्तेर व दानीएल यांतील काही भाग. हा नुसता हिशेबाचा फरक नव्हे. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा मागतो. "हे बायबलात कुठे आहे?" असे एखाद्या मित्राने विचारले, तर आपल्या मुलाने काय उत्तर द्यावे? लढाईत पडलेल्यांच्या पापक्षमेसाठी यहूदा मक्काबीने वर्गणी जमवून यरुशलेमला पाठवली, ती हकीकत मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात आहे. पण ते पुस्तकच त्याच्या बायबलात नसेल तर तो बिचारा गप्प बसेल, आणि आजोबांसाठी केलेली आपली प्रार्थना खोटी होती की काय, असे त्याला वाटू लागेल.

न्यू इंटरनॅशनल व्हर्जन वाचायला सोपे, पण ते ६६ पुस्तकांचे. किंग जेम्सची भाषा मोठ्यांनाही अडखळायला लावते. (१६११ च्या मूळ आवृत्तीत मात्र ही जादा पुस्तके वेगळ्या विभागात होती!) गुड न्यूज बायबल लहानांना बरे, कॅथलिक आवृत्ती आहे का, हे विचारूनच घ्या. भारतातील इंग्रजी मिस्सेसाठी २०२० च्या झावळ्यांच्या रविवारपासून ईएसव्हीची कॅथलिक आवृत्ती लागू झाली. तेव्हा टाळेबंदी होती, त्यामुळे पुष्कळांना बदल कळलाच नाही. मोठ्या मुलांना मी हीच सुचवीन. मिस्सेत ऐकलेलेच शब्द घरी भेटले तर ते मनात राहतात.

शब्दांवरून मात्र वाद घालू नका. गब्रीएल दूताच्या अभिवादनात जुन्या डुए-रीम्सने लॅटिनवरून मरीयेला 'कृपेने पूर्ण' म्हटले. १९६६ च्या जेरुसलेम बायबलने, तेही कॅथलिकच, 'मोठी कृपा लाभलेली' अशा अर्थाचे शब्द घेतले. ग्रीक शब्द एकच आहे. तो एका इंग्रजी शब्दात मावत नाही, इतकेच.

आणि प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांच्या बायबलला नावे ठेवू नका. याच यवतमाळात १९८३ पर्यंत त्यांची युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. पुढे ती पुण्याला गेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी भाषांतर केले, त्या काही आपल्या पंथाच्या नव्हत्या. विभक्त बांधवांबरोबर मिळून भाषांतर करण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच वाट मोकळी केली.

एज्राने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले तेव्हा लेवी अर्थ सांगत होते. ऐकलेले समजले, म्हणून लोक रडले. आपल्या घरी आजी आणि नातू वेगवेगळ्या कोपऱ्यांत वाचतात, याची मला इंग्रजीच्या निवडीपेक्षा जास्त काळजी वाटते. आज संध्याकाळी रोझरीनंतर आजचे शुभवर्तमान दोघांनी आळीपाळीने वाचावे, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे २०१० चे 'सुबोध बायबल' घरी असेल तर तेही जवळ ठेवा. जिथे शब्द जुळणार नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मला दाखवा.