न घेतलेल्या औषधाचा हिशेब

औषध घेऊन अपाय झाला तर आपण औषधाला बोल लावतो. औषध न घेता अपाय झाला तर आजाराला, नाहीतर नशिबाला. भोगणारे शरीर एकच, तरी पहिल्या अपायाची टोचणी घरच्यांच्या मनाला वर्षानुवर्षे लागून राहते आणि दुसऱ्याची तितकी लागत नाही. आपल्या हाताने कुणाचे वाईट व्हायला नको, ही भावना सज्जनपणाची आहे. तिच्यामागे अहिंसेचा जुना संस्कार आहे, म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ज्या आजारात उपचारांची निवड एकदा करून भागत नाही, दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, तिथे हीच भावना माणसाला भलत्या वाटेला लावते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्यांच्या दाहाचे दोन आजार पाहिले की हे स्पष्ट दिसते. अशा ठिकाणी न करण्यालाही करण्याइतकाच जाब विचारला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या आजारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला व्रण होतात, रक्त आणि आव पडते, दिवसातून दहा-बारा वेळा शौचाला धावावे लागते. क्रोन्स पचनमार्गात कुठेही होतो, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आणि तो आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो. म्हणून तिथे आतडे अरुंद होते, कधी भगंदर होते. पुष्कळांना तो ऐन तारुण्यात गाठतो आणि मुळापासून जात नाही. चरकसंहितेत रोगांची जी वर्गवारी आहे, तीत सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे आणि बरे न होणारे यांच्या जोडीला याप्य रोगांचा वर्ग आहे: पथ्य आणि औषध चालू आहे तोवर आटोक्यात राहणारे, सोडले की उसळणारे. हे आजार त्या वर्गात चपखल बसतात. आटोक्यात ठेवण्याची साधने आज पुष्कळ आहेत, पण निर्धोक एकही नाही. अ‍ॅझाथायोप्रिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, आणि एका विशिष्ट जनुकीय फरकामुळे हा धोका आशियाई लोकांत अधिक आढळतो. इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायॉलॉजिक औषधे शरीरात दबून बसलेला क्षय जागा करू शकतात. हे २००१ सालीच लक्षात आले. अ‍ॅझाथायोप्रिन आणि बायॉलॉजिक एकत्र दिल्यावर तरुण पुरुषांत क्वचित, पण प्राणघातक असा लिम्फोमा हा कर्करोग झालेला आहे. इतके ऐकल्यावर ‘सध्या काही नको, बघू पुढे’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण ‘बघू पुढे’ याचीही किंमत असते, आणि ती मोजलेली आहे. कोलायटिसचा तीव्र झटका येऊन रुग्ण दाखल झाला की शिरेतून स्टिरॉइड देतात. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ साली दाखवले की तिसऱ्या दिवशीही आठाहून जास्त वेळा शौचाला होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा होत असून रक्तातले सीआरपी हे दाहाचे माप ४५ च्या वर असेल, तर त्याच मुक्कामात मोठे आतडे काढावे लागण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के असते. म्हणजे त्या तिसऱ्या दिवशी ‘आणखी थोडी वाट पाहू’ म्हणणे हादेखील एक उपचारच निवडणे आहे, आणि बहुतेकदा वाईट उपचार. क्रोन्सचेही तसेच. ब्रिटनमध्ये नुकतेच निदान झालेल्या ३८६ रुग्णांवर झालेल्या ‘प्रोफाइल’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. काहींना सुरुवातीपासूनच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले. उरलेल्यांना रूढ पद्धतीने, आजार उसळेल तशी एकेक पायरी चढत औषधे दिली. ४८ आठवड्यांनंतर स्टिरॉइडविना आणि शस्त्रक्रियेविना आजार सलग शांत राहिलेले पहिल्या गटात ७९ टक्के होते, दुसऱ्यात १५ टक्के. पोटाची शस्त्रक्रिया करावी लागेल अशी गुंतागुंत पहिल्या गटात एकदा झाली, दुसऱ्यात दहा वेळा. आणि ज्या जंतुसंसर्गाच्या भीतीने हात आखडता घेतला जातो, तो गंभीर संसर्ग पहिल्या गटात काही जास्त आढळला नाही. सावधपणा म्हणून जी वाट आपण धरतो, ती इथे धोक्याची ठरली.

न करण्याचे एक रूप तर करण्यासारखेच दिसते, आणि मला ते सर्वांत घातक वाटते: स्टिरॉइडचा कोर्स पुन्हा, आणि पुन्हा. ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली २१० कोलायटिस रुग्णांवरच्या चाचणीत कॉर्टिसोनने ४१ टक्के आणि नुसत्या दिखाऊ गोळीने १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाल्याचे दाखवले, तेव्हा ते मोठे पाऊल होते. आजही तीव्र झटक्यात स्टिरॉइडला तोड नाही. पण आजार दीर्घकाळ शांत ठेवण्याचे काम ते करू शकत नाही. हाडे ठिसूळ करते, साखर वाढवते, मोतीबिंदू लवकर आणते, जंतुसंसर्गाला वाट करून देते. तरीही गोळी ओळखीची, स्वस्त, चार दिवसांत गुण देणारी, म्हणून तिला कुणी ‘निर्णय’ म्हणत नाही. निर्णय फक्त नव्या औषधाचा असतो, असे आपण धरून चालतो. गरोदरपणातही हेच होते. ‘बाळासाठी’ म्हणून औषधे परस्पर बंद केली जातात. मेथोट्रेक्सेटसारखी काही औषधे गर्भधारणेच्या आधीच थांबवावी लागतात, हे खरेच. पण मेसालामिन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब ही बहुधा चालू ठेवता येतात, आणि अकाली प्रसूतीचा, बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो तो उसळलेल्या आजाराने.

यावर श्रद्धावान माणसाचा पहिला आक्षेप प्रारब्धाचा असतो: जे भोगायचे ते भोगूनच संपते, मग एवढी धडपड कशाला? हा प्रश्न वैद्यकापुढे आज आलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की आयुष्याची मर्यादा ठरलेली असते की नसते. आत्रेय दैव नाकारत नाहीत. पूर्वीचे कर्म ते दैव आणि इथले कर्म तो पुरुषकार, दोहोंत जे बलवान ते दुसऱ्याला मागे सारते, असे ते सांगतात. आणि मग विचारतात की सगळेच ठरलेले असते तर लोकांनी औषधे का घेतली असती, उधळलेल्या जनावरांपासून दूर का पळाले असते? त्यांचा गाडीच्या आसाचा दृष्टान्तही तिथलाच: चांगला आस त्याच्या काळाने झिजतो, पण भार जास्त झाला किंवा वाट वाईट लागली की काळाआधीच मोडतो. मला यात जोडावेसे वाटते ते इतकेच की प्रारब्ध असेलच, तर ते घडून गेल्यावर कळते. औषध घेणे हाच कुणाच्या प्रारब्धाचा भाग नसेल कशावरून? जे आधी कळू शकत नाही, ते निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. ते दुःख सोसायला बळ देऊ शकते, आणि तेवढ्यासाठी मी त्याचा आदर करतो.

दुसरा आक्षेप अधिक बारकाईचा आहे आणि तो गीतेतून येतो. फळावर आपला अधिकार नाही, तर मग टक्केवारी मांडून अमुक उपचाराने किती आणि तमुकाने किती, हे तोलत बसणे म्हणजे फळातच अडकणे नव्हे का? टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात या गैरसमजाचा समाचार घेतला आहे. कर्माचे फळ काय येईल हे ओळखणे वेगळे आणि त्या फळाच्या आसक्तीने बांधले जाणे वेगळे. गीतेचा स्वतःचा कौल तर अठराव्या अध्यायात आहे. पुढचा परिणाम, होणारी हानी, होणारी हिंसा आणि आपली कुवत यांपैकी काहीही न पाहता मोहाने आरंभलेले कर्म तिथे तामस ठरवले आहे. उपचार निवडताना विचारायचे चार प्रश्न हेच आहेत, आणि ते उपचार नाकारतानाही तेवढेच लागू होतात. न करणे म्हणजे कर्मातून सुटका, हे तर गीतेला मुळातच मान्य नाही. फळाची आसक्ती सोडायची ती निर्णय घेऊन झाल्यावर: नीट तोलून घेतलेले औषध लागू पडले नाही, तर त्यावरून निर्णय चुकला असे ठरत नाही, आणि रुग्णाने किंवा त्याच्या आईने स्वतःला कोसत बसण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. असे म्हणून तुम्ही सगळ्यांना जबर औषधांकडेच ढकलता. नाही. सौम्य कोलायटिसला मेसालामिनच्या गोळ्या आणि एनिमा पुरतात. तिथे बायॉलॉजिक देणे हीच मोहाने केलेली हिंसा होईल. शिवाय ब्रिटनमधली चाचणी महाराष्ट्रात जशीच्या तशी उचलून लावता येत नाही. इथे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दुर्बिणीतून आणि बायॉप्सीतही एकमेकांसारखे दिसतात, कधी काही आठवडे क्षयाची औषधे देऊनच उलगडा होतो, आणि क्षय असताना इन्फ्लिक्सिमॅब दिले तर जिवावर बेतू शकते. म्हणून आधी छातीचा एक्सरे, क्षयाची त्वचा किंवा रक्तचाचणी, कावीळ बी आणि एचआयव्हीच्या तपासण्या, जमतील त्या लसी. आणि पैसा. बायॉलॉजिक वर्षानुवर्षे चालवावे लागते, मध्येच बंद पडले तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि पुढे ते लागू पडेनासे होते. ज्याला तिसऱ्या डोसनंतर पैसे उभे करता येणार नाहीत, त्याने अ‍ॅझाथायोप्रिनवर राहणे किंवा कोलायटिसच्या योग्य रुग्णाने टोफासिटिनिबच्या गोळ्यांचा विचार करणे हे शहाणपण आहे. कुवतीचा प्रश्न गीतेनेही वगळलेला नाही. माझा आग्रह इतकाच की पैसा हे कारण असेल तर पैसा म्हणावे, क्षयाची शंका असेल तर तसे म्हणावे. कारण उघड सांगितले की त्यावर इलाज शोधता येतो. नशिबाच्या नावावर टाकले की शोधणेच थांबते.

शस्त्रक्रियेबाबत आपला पूर्वग्रह सर्वांत खोल आहे. पोट उघडणे म्हणजे हरणे, अशी समजूत डॉक्टरांतही अधूनमधून दिसते. नेदरलँड्स आणि ब्रिटनमध्ये लहान आतड्याच्या टोकाशी मर्यादित क्रोन्स असलेल्या १४३ रुग्णांत इन्फ्लिक्सिमॅब आणि तेवढा भाग काढणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षभरानंतर जगण्याच्या दर्जात फारसा फरक नव्हता. पुढच्या पाचेक वर्षांत इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया करावीच लागली. शस्त्रक्रियेच्या गटात साधारण चौथ्या हिश्श्याला पुढे बायॉलॉजिक सुरू करावे लागले. यातले काय बरे, हे आकडे सांगू शकत नाहीत. एकाला दर आठ आठवड्यांनी सलाईन लावून घेणे परवडेल, दुसऱ्याला एकदाच कापून मोकळे होणे. तोलायचे ते वजन ज्याचे त्यानेच ठरवायचे, आणि आपल्याकडे ते बहुधा घरातली वडीलधारी माणसे बाहेरच्या बाकावर बसून ठरवतात.

शस्त्रक्रियेत आतड्याचे तोंड पोटावर काढून (यालाच स्टोमा म्हणतात) त्यावर मलाची पिशवी येणार असेल तर आणखी एक प्रश्न असतो, जो रुग्ण डॉक्टरांना सहसा विचारत नाही: मी देवघरात जाऊ शकेन का, पंगतीत बसू शकेन का? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याचा दिवस स्नान-पूजेने सुरू होतो, त्याच्यासाठी ‘जगण्याचा दर्जा’ यातच आहे, आणि त्याची वाच्यता न झाल्यामुळे माणसे सडलेले आतडे पोटात घेऊन महिने काढतात. मलमूत्र प्रत्येकाच्याच पोटात असते. सोवळे देहाच्या आतल्या बाजूला कधी मोजले गेले नाही, तर ते पोटावरच्या बंद पिशवीने मोडते असे मानायला आधार नाही. आणि यातले पुष्कळसे शस्त्रक्रियेआधीच सावरता येते. स्टोमाची जागा रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पाहून मगच पेनने आखायची असते. जो मांडी घालून जेवतो आणि पूजेला बसतो, त्याला मांडी घालून बसवावे. जी नऊवारी नेसते, तिचा कासोटा कुठे बसतो ते पाहावे. मग ती खूण कमरपट्ट्याखाली किंवा पोटाच्या वळीत जात नाही, पिशवी नीट चिकटून राहते, आणि शस्त्रक्रियेला हो म्हणायचे की नाही हे त्या माणसाला स्वतःच्या रोजच्या बैठकीत बसून ठरवता येते.