खाल्लेलं पान



घराचं बांधकाम संपतं, मजूर निघून जातात आणि घराभोवती उरतो तो मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे वाळलेले गोळे. पुण्या-साताऱ्याकडच्या कुठल्याही नव्या वसाहतीत हेच दिसतं. पुढचा क्रमही ठरलेला. अर्ध्या जागेत पेव्हर ब्लॉक बसतात, उरलेल्या जागेत लॉन अंथरलं जातं, कुंपणालगत अरेका पाम आणि क्रोटन लागतात. बाग हिरवीगार आणि नीटनेटकी दिसते, पण तिथे पाखरू फारसं फिरकत नाही, कारण त्याला खायला तिथे काही नसतं.

आपल्याला सवय अशी, की झाड फुललं पाहिजे आणि पान मात्र अभंग राहिलं पाहिजे. मला उलट वाटतं. पानं कुरतडलेली दिसू लागली, की बाग खरी लागली म्हणायची.

कढीपत्त्याचंच बघा. कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर, लिंबावर अंडी घालतं. लहान अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. शेजारच्या काकू कुंपणावरून सांगतात, ‘अहो, तुमच्या कढीपत्त्याला कीड लागलीय, फवारा मारा.’ काकूंची काळजी खरी असते. पण त्या अळ्यांतल्या बऱ्याचशा फुलपाखरू होण्याआधीच कुणाच्या तरी चोचीत जातात. शिंपी, चष्मेवाला, दयाळ हे पक्षी पिल्लांना भरवायला किडे-अळ्याच शोधत असतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. चिमण्या गेल्या कुठे, असं आपण हळहळून विचारतो. त्याचं थोडं तरी उत्तर फवाऱ्याच्या त्या बाटलीत आहे.

मग अळ्यांसाठी देशी झाडंच का लावायची? झाड आपल्या पानांत कडवट, विषारी द्रव्यं साठवतं. ती पचवण्याची ताकद कीटकांत असंख्य पिढ्यांतून येते आणि म्हणून पुष्कळ कीटक मोजक्याच झाडांना धरून राहतात. रुईचा चीक विषारी, पण प्लेन टायगरची अळी रुईच खाते, ते विष अंगात मुरवते आणि पुढे पक्षी त्या फुलपाखराला टाळतात. बहाव्याची कोवळी पालवी कॉमन एमिग्रंटच्या अळ्यांची. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या ब्लू मॉर्मनला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. मादागास्करहून आलेल्या गुलमोहराशी इतकं जुनं नातं इथल्या फार थोड्या जीवांचं आहे. गुलमोहरावर माझा राग नाही, मे महिन्यातली त्याची सावली मीही घेतो. पण घराभोवती दोन-तीनच झाडांची जागा असेल, तर ती बहाव्याला, तामणाला, बेलाला मिळावी.

ज्यांचा प्लॉट अजून उघडा आहे त्यांना माझं सांगणं, की आधी एक पावसाळा नुसतं बघा. सिमेंट आणि राडारोडा उचला, माती थोडी मोकळी करा आणि थांबा. टाकळा येईल, कुर्डू येईल, केना येईल. टाकळ्यावर लहान पिवळी फुलपाखरं अंडी घालतील आणि कोवळा असताना त्याची भाजी तुमच्याही ताटात येईल. गवत पिकलं, की त्याच्या बियांवर मुनियांचे थवे उतरतात. एकाच पाहुण्याला मात्र थारा देऊ नका, तो म्हणजे गाजर गवत. १९५५च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.

त्यानंतर लावणी. मोठ्या झाडांपेक्षा झुडपांना आधी जागा द्या, हे मी आग्रहाने सांगतो. कुंपणाला करवंद लावा, त्याच्या काटेरी जाळीत बुलबुल निर्धास्त घरटं बांधतो. अडुळसा आणि निर्गुडी हलक्या जमिनीतही तग धरतात. धायटीला थंडीच्या अखेरीस लाल फुलं लगडतात आणि शिंजीर दिवसभर तिच्याभोवती फिरत राहतो. उंबर लावायची इच्छा कितीही झाली, तरी घराच्या पायाजवळ लावू नका, त्याची मुळं फार लांब जातात.

पाला जाळू नका. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक गावोगावी पाळला गेला. तिथली माती काळीभोर आणि भुसभुशीत असते ती त्यामुळेच. झाडाखालचा पाचोळा तिथेच कुजू दिला, तर गांडुळं येतात, बेडूक येतो, सापसुरळी येते. कोपऱ्यात थोडी जमीन उघडीही राहू द्या. एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या मातीत बीळ करून अंडी घालतात, पेव्हर ब्लॉकखाली त्यांना वाट उरत नाही. पाणी ठेवायचं ते पसरट, उथळ खापरात, मधे एक दगड टाकून, आणि रोज बदलायचं, म्हणजे डासांना वाढायला वेळ मिळत नाही.

सापाची भीती सगळेच बोलून दाखवतात आणि ती खोटी नाही. साप उंदरांमागे येतो, म्हणून दाराजवळ विटांचा ढीग, लाकडं किंवा उघडा कचरा नको. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून ठेवा, उंच गवत मागच्या कुंपणाकडे वाढू द्या आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. धामण दिसलीच, तर तिच्या वाटेने जाऊ द्या, उंदीर कमी करण्याचं काम ती आपल्याहून चांगलं करते.

रोपांसाठी वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करा, झाडाचं नाव घेऊन मागा. बहाव्याच्या शेंगा तर रस्त्याकडेलाच पडलेल्या मिळतात. बियांचं कवच टणक असतं, ते दगडावर थोडं घासून बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि पाऊस लागायच्या आत पिशवीत लावा.