माळेचा नियम आणि तंबाखूची चिमूट

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने वारकरी संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या काळी भारतात तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांमार्फत पुढे काही शतकांनी आली. त्यामुळे माळेच्या नियमात तिचे नाव नाही: तुळशीची माळ घालताना वारकरी मद्य-मांसाचा त्याग स्पष्टपणे स्वीकारतो, पण चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट अनेकांना व्रतभंग वाटत नाही. याउलट, ज्यांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ज्यांचे हुजूर साहिब शेजारच्या नांदेडला आहे, त्या शिखांच्या खालसा आचारसंहितेने तंबाखू उघडपणे वर्ज्य ठरवली.

नियमाचे मौन म्हणजे अनुमती काय, हा खरा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूने दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत इतरांच्या धुराने मरणारेही असतात, म्हणून धूम्रपानाविरुद्ध अहिंसेचा, म्हणजे परपीडा टाळण्याचा, आधार पुरेसा ठरतो. परंतु २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. येथे आधार शोधावा लागतो तो निग्रहात, म्हणजे इंद्रियांवरील ताब्यात, कारण निकोटिन नेमका तोच हिरावून घेते. २००३चा तंबाखूविषयक केंद्रीय कायदा आणि २०१२ची राज्यातील गुटखाबंदी विक्रीला आवर घालू पाहतात. माळेचा नियम मात्र, निदान तत्त्वतः, वासनेलाच हात घालतो, आणि वासना पदार्थाचे नाव पोथीत आहे की नाही हे पाहत नाही.